मेव्हण्याच्या तोंडचा निरोप

नेई लोसेनाची नक्कल करायची तर आधी पाठ ताठ करावी लागते. मग हनुवटी जरा आत, आणि आवाज असा, की तोंडात गरम अळकुडी आहे पण पाहुण्यांसमोर थुंकता येत नाही. "गुड मॉर्निंग, ह्यूमन रिसोर्सेस, लोसेना बोलतेय, आपली काय मदत करू?" हा तिचा हॉटेलातला आवाज. घरी आली की पायरीवर चपला आणि तो आवाज दोन्ही काढून ठेवायची आणि तिथूनच नवऱ्याला ओरडायची, "आपिसाई! डुकरं परत माझ्या केळीत शिरलीत! तू घरात आहेस की त्यांच्यातच आहेस?"

नेई म्हणजे बापाची बहीण. आमचं गाव वुनिदिलो, आमच्या बेटावरच्या नांदी शहराजवळ, किनाऱ्यावर. समोरची वाळू आणि तिच्यामागची जमीन आमच्या कुळाची, ती हॉटेलला भाड्याने दिलेली. त्यामुळे गावात कुणी काय करतो असं विचारायची पद्धत नव्हती, "कुठल्या डिपार्टमेंटला?" असंच विचारायचे. नेई पोरवयात लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायला लागली. कोण आज येणार नाही आणि का, कुणाच्या पोराला ताप आहे, कुणाचा नवरा रुसून दुसऱ्या गावी गेलाय, हे तिला घड्या घालता घालता ठाऊक असायचं. वरच्या बाईने हे हेरलं आणि तिला ऑफिसात नेलं. संध्याकाळचे वर्ग करून ती शिकली, आणि शेवटी माणसांच्या नेमणुका तिच्या टेबलावरून व्हायला लागल्या.

हॉटेलच्या बागेतला म्हातारा इलियेसा तिला चिडवायचा, "मनुष्यबळ म्हणजे काय गं? कुणाला औताला जुंपणारेस?"

"तुम्हालाच, आजोबा. बैल मिळत नाहीयेत."

पण ते काम तिने मनापासून केलं. भांडी घासणाऱ्याला तिने वेटर केलं, वेटरला पुढे बार सांभाळायला शिकवलं. माळ्याच्या मुलीला राजधानीत, सुवाला पाठवून केक करायचा कोर्स करायला लावला. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना ती डोळे मिटायची नाही. पुढच्या बाकांवरची डोकी बघत बसायची, आणि कोण पुढे कुठे जाईल याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर दिसायचा. पाद्रीबाबांनी एकदा टोकलं तर म्हणाली, "प्रार्थनाच करतेय. एकेकासाठी वेगळी."

एका माणसाशी मात्र ती बोलू शकत नव्हती. तो म्हणजे तिचा सख्खा भाऊ कितिओने, माझे बाबा.

भांडण काही नव्हतं. आमच्यात बहीण-भाऊ वयात आले की एकमेकांशी थेट बोलत नाहीत. नाव घेत नाहीत, एका चटईवर बसत नाहीत. तो मान आहे. नांदीत राहणाऱ्यांनी हे सोडलंय, वुनिदिलोने सोडलं नाही, आणि आमच्या घराने तर नाहीच. बाबा हॉटेलच्या बोटीचे कॅप्टन. त्यांच्या रजेचा अर्जसुद्धा नेई शेजारच्या टेबलावरच्या सुनीलाकडे सरकवायची. घरातलं काही असलं तर निरोप जायचा तो नेईच्या नवऱ्याकडून, आपिसाईमामाकडून. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाच म्हणतो. मेव्हण्या-मेव्हण्यांचं नातं हे आमच्याकडे थट्टेचं. जितकी बहीण गप्प, तितका तिचा नवरा बडबड्या. त्याने बाबांना काहीही बोलावं आणि बाबांनी त्याला काहीही, आणि रागावेल तो हरला.

"ए घरजावई, आज बायकोने जेवायला घातलं का?"

"घातलं की. तुझी बोट बुडाली म्हणून मासे स्वस्त झालेत."

"आणि तू पाण्यात उतरलास म्हणून समुद्र चढला म्हणे."

मामाची सगळ्यात जुनी थट्टा म्हणजे बाबांची नोकरी गेल्याची. महिन्या-दोन महिन्यांनी तो तोंड पाडून यायचा. "मेव्हण्या, कसं सांगू? साहेबांनी तुझ्या जागी कासव ठेवलंय. पोहतं तुझ्यापेक्षा सरळ, आणि पगार मागत नाही." बाबा दर वेळी हसायचे. जोक शिळा झाला की हसणं आणखी वाढायचं, जुन्या मित्रांचं असतं तसं.

मग तो रोग आला आणि विमानं बंद झाली. एका आठवड्यात हॉटेल रिकामं. वाळूवर छत्र्या मिटलेल्या, पोहण्याच्या तलावात बेडूक. सगळे बिनपगारी रजेवर. गावाने पुन्हा कुदळी काढल्या. कसावा लावला, जाळी दुरुस्त केली. दुपारी नारळाच्या दुधातलं अळू, रात्री तेच, आणि "हॉटेल उघडलं की" हे प्रत्येक वाक्याच्या शेवटी.

ऑगस्टमध्ये हॉटेलचे मोठे साहेब मिस्टर हॉलोवे नेईच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आले. ते ब्रिस्बेनला स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून बोलायचे. मागे फ्रीजवर त्यांच्या मुलांची चित्रं. "लोसेना, तुम्ही फॅन्टॅस्टिक काम करताय. आपण एक कुटुंब आहोत. कुटुंबात कधी कधी कठीण गोष्टी बोलाव्या लागतात." कठीण गोष्ट ही, की अर्ध्याहून जास्त लोकांना रजेवरून काढून कायमचं कमी करायचं. पत्रं सिडनीहून येतील, त्याला वेळ लागेल. तोपर्यंत नेईने प्रत्येकाला तोंडी सांगायचं. "तुमच्या लोकांना तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं वाटेल."

नेईने सांगितलं. फोनवर नाही, घरोघरी जाऊन. दारात खाली बसायची, यांगोनाची मुळी, जिचं पेय आमच्यात मानाने देतात, ती पुढे ठेवायची आणि बोलायची. एखाद्या घरी बाई रडायची, एखाद्या घरी पुरुष म्हणायचा, "वीनाका, आभार तुझे, तू स्वतः आलीस." केकवाल्या मुलीने तर आतून केकची थाळी आणून तिच्यापुढे ठेवली. नेईला तो खाता आला नाही आणि परतही देता आला नाही. घरी येताना ती थाळी दोन्ही हातांत धरून चालत होती.

कमी केलेल्यांत बाबा होते. पाहुणेच नाहीत तर बोट कशाला, असं ब्रिस्बेनचं म्हणणं. बाबांच्या दारात ती बसू शकत नव्हती. सुनीलालाही कमी केलेलं. भावाकडे जायचा निरोप रीतीने जातो तो मेव्हण्याच्या तोंडून. तिने रीत पाळली.

मामा आला तेव्हा बाबा अंगणात जाळं शिवत होते आणि मी सुई ओवून देत होते. मामाचं तोंड पडलेलं. पण त्याचं तोंड नेहमीच तसं पडायचं.

"मेव्हण्या, तुला काढलं रे."

बाबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "कासव जॉइन झालं वाटतं?"

"नाही, खरंच. लोसेनाने सांगायला पाठवलंय."

"ओइलेई! आता बायकोचंही नाव मध्ये आणायला लागला! कासवाला माझी टोपी दिली का? ती त्याला मोठी होईल."

आई आतून हसली. मी हसले. आणि आपिसाईमामा, देवा, तोही हसला. जन्मभर ज्या माणसाशी फक्त थट्टा केली, त्याच्याशी गंभीर कसं व्हायचं हे त्याला येतच नव्हतं. त्याने मान हलवली, "ते बघ बाबा तू," असं काहीतरी पुटपुटला, आणि जेवायला बसला.

घरी नेईने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"हसला."

नेई त्या रात्री जेवली नाही. तिला वाटलं, भाऊ किती मोठ्या मनाचा. आपल्याला ओझं नको म्हणून हसला. हे तिने पुढे आईला सांगितलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

नवं वर्ष लागलं, सिडनीची पत्रं काही आली नाहीत, आणि ऑस्ट्रेलियात फळं तोडायला माणसं हवीत असं कळलं. दर गावाला थोड्या जागा. मुखियाने नावं काढली त्यात बाबा होते, कारण बाबांना इंजिन येतं आणि ते दारू पीत नाहीत. आईने पिशवीही काढून झटकली. पण बाबा मुखियाकडे जाऊन म्हणाले, "माझी नोकरी आहे. मी रजेवर आहे. ज्याला काहीच नाही त्याला पाठवा." त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या वाइसाले गेला. विमानतळावर सगळ्यात मोठ्याने गाणं म्हणणारे बाबाच.

गावाला वाटलं, केवढा त्याग. नेईलाही तेच वाटलं. नोकरी नसताना जागा सोडतो! तिने आपिसाईमामाला म्हटलं, "त्याला विचार ना, असं का केलं?" मामाने विचारलं, "मेव्हण्या, का रे गेला नाहीस?" बाबा म्हणाले, "तुला कोण हसवेल इथे?" झालं. तो निरोप तसाच परत गेला.

त्याआधीच मिस्टर हॉलोवेंनी नेईलाही कमी केलं होतं, कारण कमी करायला कुणी उरलं नव्हतं. मग सुवाच्या विद्यापीठातून डॉक्टर गाउंडर आल्या. संकटाच्या काळात लोकांच्या नोकऱ्यांचं, त्यांच्या पुढच्या वाटेचं काय होतं, आणि माणसं सांभाळणाऱ्या विभागाने त्यांना कसं सांभाळलं, यावर त्यांचं संशोधन. नेईला त्यांनी मदतनीस म्हणून घेतलं. ज्यांच्या दारात बसून तिने नोकरी गेल्याचं सांगितलं, त्यांच्याच दारात ती पुन्हा गेली, "बाई येणारेत सुवाहून, तुमचं ऐकायला," असं सांगायला. लोक आले. नेईने बोलावल्यावर न येणं कुणाला जमत नव्हतं.

डॉक्टर गाउंडर लाबासाच्या ऊसवाल्यांच्या घरातल्या. प्रत्येक प्रश्नानंतर "ठीक आहे ना? ठीक आहे" असं स्वतःच विचारायच्या आणि स्वतःच उत्तर द्यायच्या. त्यांनी रीतीने यांगोना पुढे ठेवली, मुखियाने स्वीकारली, आणि दुपारी सभागृहात बैठक बसली. पुरुष लाकडी परातीभोवती, आपिसाईमामा यांगोना कालवायला, बायका मागे. नेई बायकांत, हातात आवाज टिपणारा फोन.

"आपण तुमच्या करिअरबद्दल बोलणार आहोत. ठीक आहे ना? ठीक आहे."

"करिअर म्हणजे काय?" इलियेसाआजोबांनी विचारलं.

नेई मागून म्हणाली, "म्हणजे कामाच्या वाटेवर माणूस कुठून कुठे गेला ते."

"मी बागेतून बागेत गेलो," आजोबा म्हणाले. "पूर्वी साहेबाच्या, आता माझ्या. आताच्या बागेत खायला मिळतं."

सगळे हसले. मग एकेक जण बोलायला लागला. कुणी मासे विकतो, कुणी नांदीत गाडी धुतो, केकवाली रस्त्यावर पाव विकते. डॉक्टर प्रत्येकाला विचारायच्या, बातमी कुणी सांगितली, कशी सांगितली. "नेईने. खाली बसून." "नेईने. रडली बिचारी." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं. काहीतरी चांगलं हाती लागतंय असं.

मग त्या बाबांकडे वळल्या. "आणि कॅप्टन कितिओने, ऑगस्टमध्ये तुम्हाला कमी केलं, तेव्हा मनात पहिल्यांदा काय आलं?"

बाबा हसून म्हणाले, "मला नाही, मॅडम. ते बाकीचे. मी रजेवर आहे. विमानं आली की बोट माझीच."

परातीतलं पाणी हलायचं थांबलं. मामाचे हात आतच राहिले.

डॉक्टरांनी पुढ्यातले कागद पाहिले, मग मागे पाहिलं. "लोसेना, तुम्ही जरा यांना..."

नेईची मान खाली. फोन तिच्या मांडीवर, लाल ठिपका चालू. साऱ्या गावासमोर, परातीच्या पलीकडे बसलेल्या भावाला ती काय सांगणार? तिने ओठ उघडलेले मी पाहिले. मग मिटलेले पाहिले. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"मॅडम," मामा म्हणाला, "मी सांगितलं होतं त्याला."

बाबा जोरात हसले. मांडीवर थाप मारली. "ऐका याचं! मॅडम, याचं काही लिहू नका. हा माझा मेव्हणा आहे. हा मला वर्षाला चार वेळा कामावरून काढतो!"

कुणीच हसलं नाही. बाबांनी आजूबाजूला पाहिलं. मग मामाकडे. मामाच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून परातीत पडत होतं, आणि ते पुसायचं तर त्याचे हात ओले होते.

बाबांचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं थोडा वेळ, कुणी उचलायला विसरल्यासारखं.

"तिने पाठवलं होतं तुला?" त्यांनी हळू विचारलं.

"हो."

बाबांनी मान डोलावली. यांगोनाची करवंटी त्यांच्यापुढे आली होती. त्यांनी रीतीप्रमाणे टाळी वाजवली, प्याले, पुन्हा टाळ्या वाजवल्या. मग डॉक्टरांकडे वळून अगदी अदबीने म्हणाले, "मग ऑगस्टपासून धरा, मॅडम."

डॉक्टर गाउंडरनी बैठक तिथेच आवरली. बाहेर नेईला म्हणाल्या, "हा भाग मी काढून टाकते. ठीक आहे ना?" नेई म्हणाली, "नको. ठेवा. नाव घालू नका." नाव न घालून नांदीत कुणापासून काय लपणार होतं?

पुढच्या शनिवारी नेईकडची माणसं ताम्बुआ घेऊन आमच्या घरी आली. देवमाशाचा दात, पिवळा पडलेला, दोरीत ओवलेला. तो पुढे केला की माफी नाकारता येत नाही. मामाने तो दोन्ही हातांत धरला आणि बोलला. मला त्याच्या सगळ्या आवाजांची नक्कल येते, त्या दिवसाची येत नाही. त्यात त्याचं असं काही नव्हतंच. नेई दाराबाहेर बसली होती, तोंड झाकून. बाबांनी दात घेतला, ठरलेले शब्द म्हटले. झालं ते मातीत गेलं. आता कुणी त्याचं नाव काढायचं नाही. मग सगळे जेवले, आणि जेवताना बाबा मामाला म्हणाले, "अजून थोडा मासा घ्या."

घ्या! मेव्हण्याला! मामाने ताटात मासा घेतला आणि तो तसाच बघत बसला.

ऑस्ट्रेलियाची दुसरी तुकडी निघाली तेव्हा मुखियाने बाबांचं नाव पुन्हा घातलं. तपासणीत रक्तदाब निघाला. डॉक्टर म्हणाला, गोळ्या घ्या, पुढच्या वर्षी बघू. बाबा जवळच्या ऊसवाल्या मुनसामींच्या शेतात ऊस तोडायला जायला लागले. पोरांच्या टोळीत सगळ्यात म्हातारे. घरी आले की हाताला जळक्या उसाची राख आणि कापलेलं, आणि आई कोमट पाण्याचं भांडं पुढे सरकवायची.  माफी दिली गेली होती, बोलायला काही शिल्लक नव्हतं.

विमानं सुरू झाली. मिस्टर हॉलोवे आता प्रत्यक्ष आले, गळ्यात माळ घालून घेतली आणि म्हणाले, "कुटुंब पुन्हा एकत्र!" सगळ्यात आधी नेईला बोलावलं. माणसं परत घ्यायची होती, थोडी. बोट एकच चालणार होती, तिला कॅप्टन हवा होता.

नेईने आपिसाईमामाला म्हटलं, "जा, सांग." मामा म्हणाला, "माझ्या तोंडून गेलेलं तो आता थट्टा समजणार नाही. त्याहून वाईट समजेल." म्हणून ती आईकडे आली. आईने बाबांना सांगितलं. जेवणानंतर, हलक्या आवाजात, जणू काही हवापाण्याचं बोलतेय.

बाबा म्हणाले, "दात घेतला मी."

"म्हणून काय झालं?"

"माफी दिली. आता तिच्याकडून बोट घ्यायची, म्हणजे त्या माफीचं मोल घेतल्यासारखं होईल. पुरलेलं उकरत नाहीत."

"उकरू नका. घर चालवा."

 आई उठून भांडी आदळायला लागली.

रविवारी चर्च सुटल्यावर नेई स्वतः आली. बाबा ओट्यावर ऊसतोडीचा कोयता दगडावर घासत होते. ती पायऱ्यांच्या खाली, मातीत बसली. चर्चच्या पांढऱ्या कपड्यांत. आम्हाला वाटलं आईशी बोलेल.

"कितिओने," ती म्हणाली.

तिच्या तोंडून ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. आईच्या हातातली कसाव्याची साल तशीच राहिली.

"कितिओने, बोट रिकामी आहे. तू ये. मी तुला सांगतेय. मीच सांगतेय, कुणाला पाठवलं नाही."

दगड थांबला. बाबांचे डोळे कोयत्यावर. नेई थांबली, आणि पुन्हा तेच म्हणाली, जरा मोठ्याने, जणू वाऱ्याने ऐकू गेलं नसावं. तिचा आवाज हॉटेलातला नव्हता, घरातलाही नव्हता. लहान मुलीसारखा होता. बहुधा ती त्याच्याशी शेवटचं बोलली तेव्हाचा.

बाबा आईकडे वळले. "दारात बाई बसलीय उन्हात. तिला चहा दे."

आणि कोयता उचलून ते मागच्या दाराने गेले. रविवारी ऊस कुणी तोडत नाही. ते कुठे गेले कुणाला कळलं नाही.

आईने चहा दिला. नेईने तो पूर्ण प्यायला, कप धुऊन पालथा ठेवला. "उद्या दुपारपर्यंत मी जागा धरून ठेवते," ती आईला म्हणाली. "कुणाच्याही हाती निरोप पाठव. पोरीच्या हाती पाठव. चालेल."

सोमवारी बाबा उजाडताच मुनसामींच्या शेताकडे गेले. आईने मला शाळेत जाऊ दिलं नाही. "बस इथे, ते दुपारी आले तर लगेच पळायचंय तुला." दुपारी ते आले, डबा खाल्ला, पाणी प्याले. आई त्यांच्यासमोर उभी राहिली, हात कमरेवर. ते तिच्या बाजूने निघून गेले.

मी तरीही नेईकडे गेले. सांगायला काहीच नव्हतं. ती ओट्यावर फोन घेऊन बसली होती. मला बघून अर्धी उठली. मी मान हलवली. ती खाली बसली, थोडा वेळ फोनच्या काचेवरची धूळ झग्याच्या टोकाने पुसत राहिली, आणि मग लाउटोकाच्या दुसऱ्या एका बोटकॅप्टनचा नंबर फिरवला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.